दळण आणि काठिण्यपातळी

एका उन्हाळ्याच्या सुटीत माझा अकरावीत जाणारा भाचा आमच्याकडे राहायला आला. येताना त्याने आपले खेळाचे यंत्र बरोबर आणले होते. दुपारी मी सहज त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर एक योद्धा होता. तो माळावर जाई, तिथल्या पाच-सहा सैनिकांना मारी आणि मागे येऊन एका सोनेरी उजेडापाशी बसे. तो बसला की मेलेले सैनिक पुन्हा उभे राहत. मग हा उठे आणि पुन्हा त्यांनाच मारी. पाऊण तास मी अधूनमधून डोकावत होतो. चित्र बदलले नाही.

"अरे, पुढे का जात नाहीस?"

"पुढे किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट आहे, मामा. वीसदा हरलो त्याच्याशी. म्हणून आधी लेव्हल वाढवतोय. ग्राइंड करतोय."

"मग खेळ थोडा सोपा करून घे की. काहीतरी बटण असेल."

"या खेळात तसं बटणच नाहीये."

ग्राइंड करणे म्हणजे दळणे. 'तेच ते दळण दळू नकोस' असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्यालाही हेच म्हणायचे असते. जगभरच्या खेळाडूंनी याच कामाला हाच शब्द निवडावा याची मला गंमत वाटली. दुसरी गोष्ट मात्र मनात रुतून बसली. मी गणिताचा शिक्षक. घटक चाचणीचा संविधान तक्ता करताना सोपे प्रश्न किती, मध्यम किती, कठीण किती हे मी दरवेळी ठरवतो. काठिण्यपातळी हा आमच्या रोजच्या वापरातला शब्द. पण ती कोणी ठरवावी, आणि ज्याला ती झेपत नाही त्याने नेमके काय करावे, असा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. खेळ बनवणारे मात्र पन्नास वर्षे याच प्रश्नाशी झगडत आहेत. त्यांची ही हकीकत आपल्या उपयोगाची आहे, म्हणून ती इथे मांडतो.

एक तक्ता, १९७४

या कथेची सुरुवात संगणकाशिवाय होते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच साहित्य. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, म्हणून अशा खेळांना भूमिका-खेळ म्हणतात. राक्षस हरवले, खजिना मिळवला की पात्राला अनुभवगुण मिळतात. ते पुरेसे साठले की पात्र वरच्या पातळीला जाते आणि अधिक बलवान होते. याआधीच्या खेळांत डाव संपला की सगळे संपे. इथे पात्र एका डावातून दुसऱ्या डावात वाढत जाई.

या खेळातल्या योद्ध्याचा तक्ता वर्गात फळ्यावर लिहिण्याजोगा आहे. दुसऱ्या पातळीसाठी २,००० अनुभवगुण, तिसरीसाठी ४,०००, चौथीसाठी ८,०००, मग १६,०००, ३२,००० आणि ६४,०००. ही सरळ भूमितीय श्रेणी आहे. तिचा अर्थ असा, की दुसऱ्या पातळीपासून पुढे प्रत्येक पायरी चढण्यासाठी आजवर जेवढे कष्ट केले तेवढेच सगळे पुन्हा करावे लागतात. नंतरच्या जवळजवळ प्रत्येक खेळात पातळ्यांचा चढ असा वरवर अधिक उभा होत जातो. दळण्याचे बीज या तक्त्यातच आहे.

हे त्या दोघांच्याही लक्षात आले असावे. कारण पहिल्याच पुस्तिकेत त्यांनी एक नियम घातला होता. आठव्या पातळीच्या पात्राने पाचव्या पातळीचा राक्षस मारला, तर त्याला अनुभवगुणांचा फक्त ५/८ भाग मिळेल. म्हणजे नववीच्या मुलाने चौथीच्या बेरजा सोडवल्या तर त्याला पूर्ण गुण द्यायचे नाहीत.

पण खरा उपाय नियमात नव्हता. या खेळात एक सूत्रधार असे. तो गोष्ट सांगे, राक्षस समोर आणी, निकाल देई. मंडळी कंटाळली आहेत, घाबरली आहेत की फुशारली आहेत हे त्याला चेहऱ्यावरून दिसे. मग तो एखादा राक्षस वाढवी, एखादा गुपचूप कमी करी. आपण वर्गात दुसरे काय करतो?

शाळेच्या संगणकात लपलेला खेळ

हा खेळ संगणकावर पहिल्यांदा अवतरला तो एका शैक्षणिक यंत्रणेवर. इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून 'प्लेटो' नावाची संगणकीय शिक्षणव्यवस्था उभी राहत होती. विद्यार्थ्याने पडद्यासमोर बसून आपल्या गतीने धडे घ्यावेत हा तिचा हेतू. १९७५ साली तिथल्या मंडळींनी त्याच यंत्रणेवर भुयारातले भूमिका-खेळ लिहिले. त्यांपैकी एकाचे नाव होते 'पेडिट-५'. एखाद्या धड्याच्या फाइलला शोभेल असे नाव, म्हणजे व्यवस्थापकांच्या डोळ्यांवर येऊ नये. तरी तो सापडे आणि पुसला जाई.

कागदावरचा खेळ यंत्रात गेला, तेव्हा तक्ता जसाच्या तसा आत गेला, सूत्रधार मात्र बाहेर राहिला. यंत्राला चेहरा दिसत नाही. त्याला फक्त मोजता येते. त्यामुळे अडचण किती ठेवायची हा प्रश्न पुढे पूर्णपणे आकड्यांवर आला.

१९८१ साली आलेल्या 'विझर्ड्री' या खेळात याचा परिणाम दिसतो. त्याच्या पहिल्याच मजल्यावर एका ठरावीक जागी 'मर्फीचे भूत' भेटे. ते फारसे इजा करत नसे, पण हरवल्यावर अनुभवगुण भरपूर देई. खेळाडू त्याच खोलीत शिरत, भूत मारत, बाहेर पडत आणि पुन्हा शिरत. माझ्या भाच्याच्या माळावरचे दळण ते हेच. कुणी सूत्रधार समोर असता तर तिसऱ्या खेपेला म्हणाला असता, "पुरे आता, भूत पळून गेले."

याच सुमारास, १९८० साली, विद्यापीठांतल्या संगणकांवर 'रोग' नावाचा खेळ पसरत होता. त्यात यावर एक सुंदर तोड होती. पात्राला भूक लागे. अन्न भुयारात मोजकेच असे आणि खाली खाली गेल्यावरच मिळे. एका जागी दळत बसाल तर उपाशी मराल. आणि पात्र मेले की खेळ अगदी पहिल्यापासून.

सात स्लाइम

१९८६ च्या मे महिन्यात जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. युजी होरी यांनी 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे अमेरिकी खेळ खेळले होते. तसा खेळ त्यांना घरोघरच्या दूरदर्शन संचाला जोडलेल्या फॅमिकॉम यंत्रावर, लहान मुलांपर्यंत न्यायचा होता. फॅमिकॉमवरचे बहुतेक खेळ तेव्हा चपळाईचे होते. बोटे चालली तर पुढे, नाही तर सुरुवातीला परत.

होरींनी काय केले पाहा. खेळातला सर्वांत दुबळा शत्रू म्हणजे स्लाइम, एक टपोरा थेंब. तो मारला की १ अनुभवगुण. दुसऱ्या पातळीला लागतात ७. म्हणजे गावाच्या वेशीबाहेर सात स्लाइम मारले, की पहिली बढती. लढताना घाई नाही. आपण आज्ञा निवडायची, मग शत्रूची पाळी. आणि हरलात तर? राजा तुम्हाला जिवंत करतो, तुमचे निम्मे सोने जाते, पण अनुभवगुणांना हात लागत नाही.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. हरल्याने शिकलेले वाया जात नाही, असे हा खेळ म्हणतो. ज्याला जमत नाही त्याने थोडे अधिक फिरावे, थोडे अधिक लढावे, मग जमेल. इथे 'सोपे–मध्यम–कठीण' अशी यादी नाही. दळण हेच बटण आहे. ज्याला हवे तेवढे त्याने ते फिरवावे.

या बटणाची एक खुबी शिक्षकांच्या चटकन लक्षात येईल. ते वापरताना 'मला सोपे द्या' असे कुणासमोर कबूल करावे लागत नाही. वर्गात 'ज्यांना सोपी प्रश्नपत्रिका हवी त्यांनी हात वर करा' असे म्हटले, तर किती हात वर होतील?

एक जाता जाता. या खेळातल्या शेवटच्या, तिसाव्या पातळीला ६५,५३५ अनुभवगुण लागतात. हा आकडा असा विचित्र का? २ चा सोळावा घात ६५,५३६. त्यातून १ वजा केला की सोळा बिटांमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या मिळते. त्या योद्ध्याच्या पराक्रमाची मर्यादा अशी स्मृतीच्या दोन बाइटांनी आखली होती.

हात मध्ये आला

आता आपण मूळ विषयाकडे, म्हणजे ज्यांना ॲक्शन आर.पी.जी. म्हणतात त्या खेळांकडे येऊ. यांत पातळ्या आणि अनुभवगुण आहेतच, पण लढाई पाळीपाळीने नसते. ती डोळ्यांदेखत चालू असते. तलवार केव्हा चालवायची, बाजूला केव्हा व्हायचे, हे खेळाडूच्या बोटांवर असते.

जपानमध्ये १९८४ हे या प्रकाराचे वर्ष ठरले. नाम्को कंपनीचा 'टॉवर ऑफ ड्रुआगा', निहॉन फाल्कॉमचा 'ड्रॅगन स्लेयर' आणि टी अँड ई सॉफ्टचा 'हायडलाइड' हे तिन्ही त्याच वर्षीचे. ड्रुआगाच्या मनोऱ्याला साठ मजले आणि मजल्यामजल्यावर गुप्त खजिना. तो कसा उघडायचा हे खेळ सांगतच नसे. खेळघरांत जमणाऱ्या मुलांनी शोधून काढलेली गुपिते वहीत लिहून एकमेकांना दिली, तेव्हा तो मनोरा सर झाला.

खेळ असे अवघड आणि गूढ होत चालले असताना, १९८७ साली फाल्कॉमनेच 'ईस' काढला. आता भूमिका-खेळ सौम्यपणाच्या युगात येत आहेत, अशा आशयाची त्याची जाहिरात होती. त्यात वार करायला बटणसुद्धा नव्हते. शत्रूच्या अंगावर थोडे कडेने धावून गेले की वार बसे. पण या सौम्य खेळातही एक कडक अट होती. पात्राच्या पातळ्या दहाच. शेवटच्या लढाईच्या बऱ्याच आधी त्या संपत. त्यानंतर कितीही दळा, उपयोग शून्य. उरलेले अंतर हातानेच कापायचे.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करून पाहू. या खेळांत दोन राशी एकाच वेळी वाढत असतात. एक पडद्यावरच्या पात्राची पातळी. ती आकड्यात दिसते. दुसरी खेळणाऱ्याचे कौशल्य. ते कुठेही दिसत नाही. माळावर शंभर सैनिक मारले की पहिली रास नक्की वाढते. दुसरी वाढतेच असे नाही. ज्या शत्रूला झोपेतही मारता येते, त्याला शंभराव्यांदा मारून हात काय शिकणार?

तोच खेळ तीन वेळा

१९९६ संपता संपता अमेरिकेत 'डायब्लो' आला. डेव्हिड ब्रेव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा खेळ 'रोग'च्या वंशातला. आधी तो पाळीपाळीचा होता, नंतर तो चालू लढाईचा केला. अनेकांनी मिळून खेळण्याच्या डावांत 'नॉर्मल', 'नाइटमेअर' आणि 'हेल' अशा तीन काठिण्यपातळ्या होत्या. नाइटमेअरसाठी पात्र विसाव्या पातळीचे हवे, हेलसाठी तिसाव्या. २००० सालच्या 'डायब्लो २' मध्ये ही शिडी आणखी पक्की झाली. नॉर्मल पूर्ण केल्याशिवाय नाइटमेअर उघडत नाही, नाइटमेअर केल्याशिवाय हेल नाही. म्हणजे काठिण्यपातळी ही निवड राहिली नाही, ती इयत्ता झाली.

'डायब्लो २'ची शेवटची पातळी ९९. तिथे पोचायला ३५२ कोटींहून अधिक अनुभवगुण लागतात. बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. सोळा बिटांच्या काळातले ६५,५३५ आठवा. यंत्राची स्मृती दुप्पट रुंद झाली आणि दळण पन्नास हजार पटींहून जास्त वाढले.

एवढे दळायला माणसे तयार का होतात? डायब्लोत मेलेल्या शत्रूकडून काही ना काही वस्तू पडतात, पण कोणत्या हे फाशांवर अवलंबून असते. शंभरदा फुटकी ढाल, एकदा अलौकिक तलवार. १९५७ साली चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी बक्षिसांच्या वेळापत्रकांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतराने चकती टोचली की दाणा, हा त्यातला नेहमीचा प्रयोग. दाणा दर ठरावीक टोचण्यांनंतर दिला, तर कबुतर दाणा खाऊन जरा थांबते. पण तो कधी पाच टोचण्यांनी, कधी पन्नासांनी, असा बेभरवशाने दिला, तर ते जवळजवळ न थांबता टोचत राहते.

याच स्किनरांची दुसरी बाजूही शिक्षकांनी लक्षात ठेवावी. १९५३ साली ते आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहायला गेले. कुणाची उदाहरणे झटक्यात झाली होती, कुणी अडून बसले होते, आणि बरोबर की चूक हे कुणालाच तिथल्या तिथे कळत नव्हते. त्यातून त्यांनी शिकवण्याचे यंत्र बनवायला घेतले. लहान पायऱ्या, लगेच उत्तर, प्रत्येकाची गती वेगळी. डायब्लोच्या भुयारात ही दोन्ही स्किनर-तत्त्वे एकत्र नांदतात. एक शिकवते, दुसरे खिळवून ठेवते. बाहेरून ती सारखीच दिसतात.

दळण बंद करण्याचे प्रयत्न

दळण नको, असे म्हणणारे खेळही झाले. २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये उपाय असा, की तुमची पातळी वाढली की जगातल्या शत्रूंचीही वाढेल. शिवाय यादीत काठिण्याची सरकपट्टी होती, वाटेल तेव्हा वाटेल तिकडे सरकवावी. दळण्याचे कारणच गेले. पण मग वाढण्याचेही कारण गेले. रस्त्यावरचे साधे लुटारू महागडी चिलखते घालून फिरू लागले. पातळी चुकीच्या पद्धतीने वाढवली, तर वाढूनही माणूस आधीपेक्षा दुबळा ठरे. प्रत्येकाला नेमके त्याच्या उंचीइतकेच देत राहिले, तर आपण उंच झालो हे त्याला कळणार कसे?

२०१२ च्या मे महिन्यात आलेल्या 'डायब्लो ३'ने दुसरी वाट उघडली. खेळातल्या वस्तूंचा लिलाव, तोही खऱ्या पैशांत. वरच्या काठिण्यपातळ्या फार कडक होत्या. मग दळण्याऐवजी लोक बाजारात जाऊन तलवार विकत घेऊ लागले. राक्षस मारून वस्तू मिळवण्यात जो आनंद होता, तोच या बाजाराने पोखरला हे कंपनीने स्वतः मान्य केले आणि १८ मार्च २०१४ रोजी लिलावघर बंद केले. त्याच सुमारास शिडीही बदलली. तोच खेळ तीनदा खेळण्याची सक्ती गेली आणि काठिण्यपातळी खेळाडूने निवडायची झाली.

बाजार मात्र संपला नाही. २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये आधीच विकत घेतलेल्या खेळात आणखी पैसे भरले की अनुभवगुण कायमचे ५० टक्के जास्त मिळत. यावर टीका झाली ती अगदी सरळ होती. दळण टाळण्यासाठी तुम्ही पैसे मागता, मग दळण तुम्हीच मुद्दाम जास्त ठेवले नसेल कशावरून? खासगी शिकवण्यांच्या जगात वावरणाऱ्या आपल्याला ही शंका नवी नाही.

बटण नसलेले खेळ

२००९ साली हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली 'डीमन्स सोल्स' आला, २०११ साली 'डार्क सोल्स'. यांत काठिण्याची यादी नाही. शत्रू मारून जे मिळते तेच चलन आणि तेच अनुभवगुण. मेलात की ते सगळे मेल्या जागी पडते. परत जाऊन उचलता येते, पण वाटेत पुन्हा मेलात तर गेले. ड्रॅगन क्वेस्टच्या राजाने जे तुमच्या खिशात ठेवले होते, ते इथे पणाला लागते.

२०१९ साली याच कंपनीचा 'सेकिरो' आला, तेव्हा मोठा वाद झाला. त्यात मदतीला दुसरा खेळाडू बोलावता येत नाही आणि दळून शक्ती फारशी वाढत नाही. दहा वर्षांपासूनचे दोन्ही चोरदरवाजे बंद. एक पक्ष म्हणाला, ही चढण सर्वांसाठी सारखी आहे, म्हणूनच माथ्यावर पोचण्याला अर्थ आहे. दुसरा म्हणाला, ज्याची बोटे आजाराने हळू चालतात, ज्याला नीट दिसत नाही, त्याला चढण सारखी कशी? त्याने दिलेली किंमत मात्र सारखीच आहे. दोन्ही बाजू पोरकट नव्हत्या. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्यावर आपणही असेच भांडलो आहोत.

त्यानंतरचे दोन खेळ या वादाला दोन वेगवेगळी उत्तरे देतात. २०२० सालच्या 'हेडीस'मध्ये एक ऐच्छिक सोय आहे. ती चालू केली की शत्रूच्या घावाची इजा २० टक्के कमी होते. त्यानंतर प्रत्येक मरणाला आणखी २ टक्के कमी, जास्तीत जास्त ८० टक्क्यांपर्यंत. गणित करून पाहा, तीस मरणांनंतर घाव पहिल्याच्या चौथाई उरतो. शत्रूच्या चाली मात्र त्याच राहतात. त्या शिकाव्याच लागतात, शिकायला फक्त अधिक वेळ मिळतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'एल्डन रिंग'मध्ये बटण नाही. मार्गिट याच खेळातला. पण जग एवढे मोठे आणि मोकळे आहे, की एका दारात अडलात तर दुसऱ्या दिशेला जावे, तिथे काही शिकावे, बलवान व्हावे आणि परत यावे. सुमारे तीन आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती गेल्या. बटण नसलेला खेळ मूठभरांसाठीच असतो, ही समजूत त्याने मोडली.

मार्गिट आणि अपूर्णांक

चौथ्या दिवशी भाच्याने मार्गिटला हरवले. घर डोक्यावर घेतले. मी विचारले, "लेव्हल वाढली म्हणून जिंकलास, की सवय झाली म्हणून?"

तो थांबला. "माहीत नाही," म्हणाला.

विज्ञानाच्या तासाला आपण काय सांगतो? दोन चले एकदम बदलत असतील तर एक स्थिर ठेवा. मी तेच सुचवले. त्याने नवे पात्र घेतले, पहिल्या पातळीचे, जवळजवळ निःशस्त्र, आणि पातळी न वाढवता मार्गिटसमोर उभे केले. जगात असे संपूर्ण खेळ पहिल्या पातळीवर पार करणारे लोक आहेत. ते हाच प्रयोग करत असतात. भाचा जिंकला नाही. पण सुरुवातीला तो अर्ध्या मिनिटात पडत असे, आता चार-चार मिनिटे टिकू लागला. मार्गिट काठी उगारतो आणि लगेच मारत नाही. क्षणभर थांबतो. घाबरून आधीच उडी मारणारा त्यात सापडतो. हे त्याला आता कळले होते, आणि ते माळावरच्या सैनिकांनी शिकवले नव्हते. मार्गिटकडून वीसदा हरताना ते तो शिकला होता.

मला सातवीतली एक मुलगी आठवली. तिला अपूर्णांकांची बेरीज जमेना, म्हणून मी तिला पन्नास उदाहरणे दिली होती. सगळी समच्छेद, सगळी एकाच साच्याची. तिने पन्नासही बरोबर केली. तिच्या वहीत मी लाल शाईने शेरा दिला, दोघेही खूश. घटक चाचणीत शाब्दिक उदाहरण आले, एका भांड्यात पाऊण लिटर आणि दुसऱ्यात दोन तृतीयांश. तिने कागद कोरा ठेवला. मी तिची लेव्हल वाढवली होती. हात वाढला नव्हता, आणि हे मला लाल शाईमुळे दिसले नव्हते.

दळण मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. पाढे दळावेच लागतात, दळल्याशिवाय पीठ होत नाही. आणि वर्गात मागे पडलेल्या मुलाला 'थोडे अधिक कर, मग जमेल' हा होरींचा दिलासा हवाच असतो. त्याने अब्रू न गमावता आपल्या गतीने पुढे यावे, यासाठी ते बटण आहे. पण त्या बटणाने काय वाढते आहे हे मधून मधून तपासले पाहिजे. चौथीच्या बेरजांना ५/८ गुण देण्याचा नियम, पातळी दहावर थांबवण्याची 'ईस'ची अट, 'हेडीस'मधली हळूहळू कमी होणारी इजा, हे सगळे त्या तपासणीचेच प्रकार आहेत.

सुटीनंतर मी गृहपाठात एक बदल केला. एका साच्याची उदाहरणे पाचच. सहावे असे, की जे त्या साच्यात बसत नाही, आणि ते चुकले तरी गुण जात नाहीत. मात्र कुठे अडले हे एका ओळीत लिहायचे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांनी लिहिले, 'कळले नाही.' दुसऱ्या महिन्यात एका मुलाने लिहिले, 'छेद वेगळे आहेत हे उशिरा दिसले.' काठी उगारल्यावरचा तो क्षण त्याला दिसला होता. बाकीच्यांच्या वह्या मी अजून तपासतो आहे.